सुरण मूळव्याधीवर खरंच चालतो का? आणि खडा होऊन गेलेल्या माणसाने तो खावा का?

घरचीआघाडी:

नमस्कार मंडळी. सासऱ्यांसाठी विचारते आहे. वय अडुसष्ट. मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत, साखर बऱ्यापैकी ताब्यात आहे. मूळव्याधीचा त्रास जुना. थंडी पडली की पोट साफ होत नाही, मग कुंथणं, मग आग, आणि घरात दोन-चार दिवस कुणी त्यांच्या वाटेला जात नाही. काही वर्षांपूर्वी किडनी स्टोनही होऊन गेलाय. तो आपोआप पडला, पण पालक वगैरे जपून खा असं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं.

आता त्यांच्या सकाळच्या फिरण्याच्या कट्ट्यावर कुणीतरी सुरणाचं खूळ डोक्यात घातलंय. रोज सुरण खायचा, मूळव्याध मुळासकट जाते म्हणे. सोबत व्हॉट्सॅपवर हातभर लांब फॉरवर्ड: लोह भरपूर, रक्त वाढतं, साखर उतरते, वजन घटतं, सांधे मोकळे होतात, बायकांच्या हार्मोन्सना उत्तम. एवढं सगळं एकाच गड्ड्यात असेल तर बाकीची मंडई कशाला उघडी ठेवायची?

बाबांनी सुरणाचं चूर्ण आधीच आणून ठेवलंय, आणि 'बाहुशाल गुड' असं एका चिठ्ठीवर लिहून आणलंय, ते मागवायला मला सांगताहेत.

माझी अडचण अशी की आमच्याकडे सुरण कधी होतच नाही. माझं माहेर नाशिककडचं, आईने कधी केला नाही. इथे नवऱ्याला लहानपणी घसा खाजल्याची आठवण आहे, तो नाव काढलं तरी ताटावरून उठतो. तेव्हा सांगा: यात पोषण म्हणून नक्की काय असतं? मधुमेह, मूळव्याध आणि जुना खडा, तिन्ही असलेल्या माणसाने खाल्ला तर चालेल का? आणि खाज न येता करायचा कसा? फॉरवर्ड नकोत, स्वतः करणाऱ्यांनी किंवा माहिती असणाऱ्यांनी लिहा.

बटाटावडा:

सुरणाचे काप नीट कुरकुरीत झाले तर नवरोबा मासे समजून खातील. औषधाचं माहीत नाही, पण आमच्या घरी श्रावणात सुरमईची उणीव हाच भरून काढतो. बाकी तिखटमीठ ताई येतीलच, कंद म्हटलं की त्यांना राहवत नाही.

तिखटमीठ:

आले. वडेसाहेब, टोमणा पोचला.

माझं बालपण वेंगुर्ल्याच्या बाजूला गेलं आणि नोकरी आहारतज्ज्ञ म्हणून रुग्णालयात झाली, त्यामुळे सुरणाची दोन्ही रूपं पाहिली आहेत. परड्यात गोठ्याच्या मागे उगवलेला, आणि पेशंटच्या फायलीत "घरगुती उपाय चालू" या शेऱ्याखाली आलेला. दुसऱ्या रूपाचा मला जास्त वैताग आहे.

आधी पोषण. शंभर ग्रॅम कच्च्या सुरणात पाऊण भागाहून जास्त पाणी, अठरा ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, सव्वा ग्रॅम प्रथिनं, चरबी जवळजवळ शून्य. ऊर्जा साधारण ८० कॅलरी. म्हणजे बटाट्याच्या घरातलाच. तंतू मात्र बटाट्यापेक्षा जास्त, आणि पोटॅशियमही बऱ्यापैकी. पिवळसर किंवा केशरट गराच्या सुरणात थोडं कॅरोटीन असतं.

लोहाचं तेवढं डोक्यातून काढून टाका. शंभर ग्रॅमला एक मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे काहीच नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीत पुरुषाला रोज १९ आणि बाईला २९ मिलिग्रॅम लोह लागतं. सुरणावर रक्त वाढवायचं म्हटलं तर रोज वाटीभर खाऊनही हाती फारसं लागणार नाही. हार्मोन्सचा दावा तर दुसऱ्याच कंदांच्या कुळातून उचललाय. करांदे, कोनफळ ज्या कुळातले, त्यातल्या काही जंगली जातींमध्ये एक द्रव्य असतं, त्यापासून कारखान्यात हार्मोनची औषधं बनवता येतात. आपलं शरीर तो कारखाना चालवत नाही. आणि सुरण त्या कुळातला नाहीच, तो अळवाचा भाऊबंद आहे. वजन घटवण्याचं खूळही असंच. जपानमध्ये कोंजॅक नावाचा सुरणाचा एक चुलतभाऊ पिकवतात. त्यात ग्लुकोमॅनन हा पाणी धरून फुगणारा तंतू मोठ्या प्रमाणात असतो, त्याच्या शेवया डाएटवाले खातात. आपल्या सुरणात मुख्यतः स्टार्च असतो. चुलतभावाची डिग्री याच्या भिंतीवर लावू नका.

मग उरतं काय? एक साधी, पोटभरीची, तंतुमय कंदभाजी. मला विचाराल तर एवढं पुरे आहे.

मधुमेहाला बंदी नाही, पण तो भाजीच्या खात्यात धरू नका, भाताच्या खात्यात धरा. सुरणाची वाटीभर भाजी असेल त्या जेवणात एक पोळी किंवा तेवढा भात कमी. बाबांना "हा औषधी आहे, साखर उतरवतो" असं वाटलं की ते नेहमीच्या जेवणावर वरून खाणार, आणि दोन तासांनी मीटर बोलेल. काप तळून केले तर तेलाच्या कॅलरी वेगळ्या. काप तव्यावर भाजतात, कढईत बुडवत नाहीत, हे बटाटावडा या आयडीला कितीही दुःखाचं वाटलं तरी.

आता खडा. तुमच्या प्रश्नातला खरा अडचणीचा भाग हाच. सुरणाची खाज ज्यामुळे येते ते कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक. कच्च्या गरात त्यांच्या जुड्याच्या जुड्या असतात, त्या जिभेला आणि घशाला टोचतात. पण मूत्रपिंडाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं आहे ते पाण्यात विरघळणारं ऑक्झलेट. सुयांचा बराचसा भाग आतड्यातून तसाच बाहेर पडतो. विरघळणारं मात्र रक्तात शोषलं जातं आणि लघवीत उतरतं. सुरणात दोन्ही असतात.

इथे शिजवण्याची पद्धत कामाला येते. तुकडे भरपूर पाण्यात उघड्या पातेल्यात उकडले आणि ते पाणी फेकून दिलं तर विरघळणारं ऑक्झलेट पाण्याबरोबर जातं. कुकरच्या डब्यात वाफवलं किंवा भाजलं तर ते जाणार कुठे, आतच राहतं. मला कुणी विचारलं की सुरणातला औषधी भाग कुठला, तर मी म्हणते, मोरीत ओतलेलं पाणी. (पोटॅशियमही थोडं त्याच पाण्यातून जातं. किडनी अधू असेल तर ते बरंच. पण तशा माणसाने आधी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरण आणूच नये.)

दुसरी गोष्ट, सुरणाच्या जेवणात दही किंवा ताक असू द्या. त्यातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं आणि दोघं मिळून बाहेर जातात. खडा झाला म्हणून दूध-दही सोडणारे लोक नेमकं उलटं करतात. तिसरी गोष्ट पाणी. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं. हे नसेल तर बाकी सगळी पथ्यं नुसती शोभेची.

आणि खडा कसला होता याचा रिपोर्ट असेल तर शोधा. बहुतेकांचे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. युरिक ॲसिडचा असेल तर सुरणाची एवढी धास्ती नको. रिपोर्ट नसेल तर ऑक्झलेटचा धरून चाला: महिन्यातून दोन-चार वेळा, छोटी वाटी, उकडून पाणी टाकलेला. रोज नाही. चूर्ण तर अजिबात नाही. चूर्णात पाणी उडून सगळं आटलेलं असतं, आणि ते नीट उकडून पाणी टाकून केलंय की नुसतं वाळवून दळलंय हे डबी बघून कळत नाही.

मूळव्याधीबद्दल आहाराच्या बाजूने एवढंच सांगते की कुंथणं थांबलं पाहिजे. त्यासाठी दिवसाला तीसेक ग्रॅम तंतू, पाणी, आणि कमोडवर बसून पेपर न वाचणं. सुरण या तिसापैकी चार-पाच ग्रॅम देईल. पेरू, सालासकट डाळी, ज्वारीची भाकरी, पालेभाज्या हेही देतात, आणि खड्याचा प्रश्न न उभा करता देतात (पालक, माठ, अळू यांसारख्या ऑक्झलेट जास्त असलेल्या पालेभाज्या सोडून). शौचात रक्त पडत असेल तर ते मूळव्याधीचंच आहे असं घरी बसून ठरवू नका. या वयात तर नाहीच. एकदा तपासून घ्या.

करायची पद्धत रात्री लिहिते, आता नातू शाळेतून येईल.

काढाआणिचूर्ण:

तिखटमीठ ताईंच्या मोरीतल्या पाण्याशी माझं भांडण नाही. मी आयुर्वेद शिकलेला, दवाखाना चालवणारा माणूस, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. अर्थात ती तितकी दुसरी नाही.

सुरण आणि मूळव्याध हे नातं कट्ट्यावरचं नाही, फार जुनं आहे. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात सुरणाला कंदभाज्यांमध्ये श्रेष्ठ म्हटलंय आणि त्याचं एक नावच अर्शोघ्न, म्हणजे मूळव्याध घालवणारा, असं दिलंय. पण लोक तिथेच वाचन थांबवतात. त्याच ठिकाणी पुढे सांगितलंय की दद्रू, कुष्ठ म्हणजे त्वचेचे विकार आणि रक्तपित्त असलेल्यांना तो हितकर नाही. रक्तपित्त म्हणजे थोडक्यात रक्त पडण्याची प्रवृत्ती. सुरण उष्ण आणि तीक्ष्ण मानलाय. तेव्हा कोरडी, दुखरी, गॅस आणि मलावरोधासोबतची मूळव्याध असेल तर आम्ही पथ्यात सुरण सुचवतो. रक्त पडतं आहे, आग आहे, तोंड येतं आहे, अशा माणसाला सुचवत नाही. "मूळव्याध आहे ना, मग सुरण खा" हे अर्धं वाक्य आहे. बाबांना आग होते असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे आधी कुणीतरी बघायला हवं.

जुन्या ग्रंथांमध्ये तो खायची रीतही दिलेली आहे. कंदाला बाहेरून मातीचा लेप द्यायचा, आगीत पुटपाकाने भाजायचा, माती काढून आतला गर तेल आणि मीठ घालून खायचा. म्हणजे तिथेही तो अन्न म्हणूनच, पूर्ण शिजवून आलाय. पाण्याने गिळायची कच्ची पूड नव्हे. आणि चरकसंहितेत मूळव्याधीच्या प्रकरणात सगळ्यात जास्त भरवसा कशावर असेल तर तो ताकावर. त्यामुळे सुरणासोबत ताक हा ताईंचा सल्ला आमच्याही वहीत बसतो, कारण मात्र वेगळं.

आता बाहुशाल गुड. नावातच गूळ आहे हो! सुरण, निशोत्तर, दंती, चित्रक आणि आणखी बरीच द्रव्यं गुळाच्या पाकात केलेला तो कल्प आहे. मधुमेह असलेल्या माणसाला गुळाचा अवलेह म्हणजे चाटण कट्ट्यावरच्या चिठ्ठीवरून द्यायचा नसतो. शिवाय निशोत्तर आणि दंती ही जुलाब करवणारी द्रव्यं आहेत, आणि पाठानुसार त्यात बिब्बाही पडतो, जो शुद्ध करून घ्यावा लागतो. चांगलं औषध आहे, पण ते वैद्याने माणूस बघून, मात्रा ठरवून द्यायचं. ती चिठ्ठी फाडा. चूर्णाची डबी परत घेतात का बघा, नाहीतर कट्ट्यावरच्या त्या सल्लागारांनाच भेट द्या.

लालमाती:

मी पालघरकडे थोडी शेती करतो, बांधाला आणि चिकूच्या मधल्या जागेत सुरण असतो. खाज येते का हे बरंचसं आणताना ठरतं, ते सांगतो.

लागवडीच्या सुरणात आता गजेंद्र ही जात बरीच दिसते, आंध्रात कोव्वूरकडे निवडलेली. गड्डा गुळगुळीत, बाजूला पिल्लं फारशी नसतात, आणि खाज जवळजवळ नाही. केरळात तिरुवनंतपुरमला केंद्रीय कंदपीक संशोधन संस्था आहे, १९६३ पासूनची. तिथली श्रीपद्मा ही पण चांगली. रानातला किंवा परड्यात आपोआप येणारा गावठी सुरण मात्र कधी कधी असा खाजतो की सोलणाऱ्याचे हात संध्याकाळपर्यंत वळवळतात. चव त्याचीच भारी असते, हे सोडा. भाजीवालीला विचारा, "मावशी, खाजरा आहे का?" ती खरं सांगते, कारण तुम्ही परत यायला हवे असता.

दुसरं म्हणजे वेळ. सुरण पावसाच्या तोंडाला लावतात आणि सात-आठ महिन्यांनी, पान पिवळं पडून आडवं झालं की काढतात. पान म्हणजे एकच असतं हो. जे खोडासारखं ठिपक्याठिपक्यांचं उभं दिसतं तो देठ, आणि वर छत्री उघडावी तसं पसरलेलं एकच पान. ते पूर्ण वाळायच्या आत काढलेला गड्डा पाणचट लागतो, शिजूनही बसत नाही. म्हणून दिवाळीनंतर ते फाल्गुनापर्यंतचा माल घ्या. काढल्यावर काही आठवडे सावलीत मुरलेला अजून बरा. अख्खा गड्डा हवेशीर कोरड्या जागी महिना-दोन महिने आरामात राहतो, फ्रिज नको.

आणि शेवळं म्हणजे सुरण नव्हे, हेही सांगून ठेवतो, कारण पावसाळ्याच्या सुरुवातीला आमच्याकडे बाजारात येतात आणि शहरातली माणसं "सुरणाची फुलं" म्हणून घेऊन जातात. त्याच गणातली जंगली जात आहे, तिचा कोंबासारखा दिसणारा कोवळा फुलोरा खातात, आणि काकडाच्या आंबट फळांशिवाय किंवा चिंचेशिवाय ती कुणी शिजवत नाही. ज्याने पहिल्यांदा शेवळं काकडाशिवाय केली असतील त्याच्या घशाला माझा नमस्कार. बाबांचा खडा लक्षात घेता तिकडे जाऊच नका.

कुंडीत लावायचा असेल तर मोठं पोतं घ्या. बेणं अर्ध्या किलोचं, त्यावर मधल्या डोळ्याचा भाग यायलाच हवा, नाहीतर नुसतं कुजतं. कापल्यावर शेणकाल्यात बुडवून सावलीत सुकवायचं. एका हंगामात दीड-दोन किलोचा गड्डा मिळतो. काढायचा विसरलात आणि तो काही वर्षं जमिनीत राहिला तर एक दिवस फूल येईल, वांगी रंगाचं, ताटाएवढं, आणि मेलेल्या जनावरासारखा वास. शेजारी पोलिसांत जातील. घाबरायचं नाही, सडक्या मांसावरच्या माश्या आणि किडे बोलवायची त्याची तीच पद्धत आहे.

तिखटमीठ:

लालमाती, फाल्गुनाची मर्यादा अगदी बरोबर. पुढे कोंब फुटायला लागले की गर रेषाळ होतो.

आता पद्धत. गड्डा घरी आला की आधी धुवू नका. कोरडाच ठेवा, हातही कोरडे. हातांना खोबरेल तेल चोळा (ज्यांची कातडी नाजूक त्यांनी हातमोजे घाला, लाजायचं काही नाही), जाड साल काढा, सालीखालचा भागही थोडा जाऊ द्या. तुकडे करून मग धुवायचे. ओल्या हाताने सोललात की रस सगळीकडे पसरतो आणि खाजेला पाय फुटतात.

तुकडे आमसुलाच्या किंवा चिंचेच्या पाण्यात अर्धा तास. आंबट घातल्यावर खाज कमी होते हा दक्षिणेपासून बंगालपर्यंत सगळ्या स्वयंपाकघरांचा अनुभव आहे. बिहारात, कोकणात सुरण बिनआंबटाचा फारसा दिसणार नाही. ते पाणीही टाका. मग मोठ्या पातेल्यात बुडून वर चार बोटं राहील इतकं पाणी, हळद, मीठ, आणि उकडायला ठेवा. सुरीचं टोक सहज जाईपर्यंत. अर्धवट शिजलेला सुरण हा घसा खाजण्याचं मुख्य कारण आहे, जात कुठलीही असो. शिजलाय का हे बघायला कच्चट तुकडा चाखू नका, बोटाने चेपून बघा. पाणी ओतून टाका.

इथून पुढे दोन रस्ते.

भाजी: थोड्या तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता, लाल मिरची, त्यावर उकडलेले तुकडे, दोन आमसुलं, कणभर गूळ (बाबांच्या वाटणीचा नाही घातलात तरी चालतो), वरून ओलं खोबरं. भिजवलेले काळे वाटाणे आधी शिजवून घातलेत तर प्रथिनांची बाजू सावरते आणि भाजीला जेवणाचा दर्जा येतो. मी तशीच करते. सोबत ताक.

काप: उकडताना थोडे कडक असतानाच काढायचे, पण कच्चे नव्हेत, हा अंदाज हाताला येतो. अर्ध्या बोटाच्या जाडीच्या चकत्या, लाल तिखट, हळद, मीठ, आमसुलाचा आगळ लावून थोडा वेळ ठेवायच्या, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर चमचा-दोन चमचे तेलात दोन्ही बाजूंनी, मंद आचेवर, सावकाश. घाई केलीत तर बाहेर करपतं आणि आत खाजतं. तुमच्या नवऱ्यासाठी हीच सुरुवात बरी. नाव सांगू नका, आधी वाढा.

एवढं करूनही कुणाचा घसा चुरचुरलाच तर आमसुलाचं सार किंवा गार ताक, थोड्या वेळात उतरतं. ओठ-जीभ सुजली, गिळता येईना किंवा श्वासाला अडलं तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. लहान मुलांना पहिल्यांदा देताना अगदी थोडा द्या, त्यांना काय होतंय ते नीट सांगता येत नाही.

घरचीआघाडी:

सगळ्यांचे मनापासून आभार. चिठ्ठी फाडली. डबी दुकानदार परत घेईना, ती बाबांच्या नजरेआड ठेवली आहे. सर्जनची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली. आग होते तेव्हा रक्तही पडतं हे त्यांनी आज प्रथमच कबूल केलं, म्हणजे काढाआणिचूर्ण यांचं म्हणणं धरून सध्या सुरण बंद. ते रुसले आहेत, पण "त्याच पुस्तकात नको असंही लिहिलंय" म्हटल्यावर गप्प झाले. खड्याचा जुना रिपोर्ट सापडला, कॅल्शियम ऑक्झलेटच आहे.

आम्ही बाकीचे खाणार म्हणून काप करून बघणार आहे. एक शेवटचा प्रश्न, अख्खा गड्डा आमच्या तिघांना फार होतो. कापून उरलेला ठेवायचा कसा?

तिखटमीठ:

रिपोर्ट सर्जनना आणि तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना, दोघांनाही दाखवा.

उरलेल्याचं असं करा. लागेल तेवढाच भाग कापा, उरलेल्याची साल काढू नका, पाणी लावू नका. कापलेली बाजू वर करून टोपलीत हवेशीर ठेवा, एक-दोन दिवसांत तिच्यावर सुकी खपली धरते. पुढच्या वेळी ती खपली पातळ तासून टाकायची, आतला गर ताजाच असतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलात तर बुरशी येणार. उकडून, निथळून, डब्यात घालून फ्रीझरलाही चालतो, पण मग भाजीच करा, काप मऊ पडतात. आणि आणताना अख्खा घेतलाच पाहिजे असं कुठे आहे? भाजीवाल्या कोयत्याने तोडून अर्धा किलोही देतात. फक्त बघून घ्या, कापलेल्या बाजूवर पाणी मारलेलं नको.

लालमाती:

डोळ्याकडचा तुकडा मिळाला तर तो खाऊ नका, मे महिन्यात पोत्यात लावा.